आखूड घोंगडीची सुनावणी

गेल्या हिवाळ्यात मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या टापूत, आटपाडीच्या पलीकडे असलेल्या तांबडमाळ नावाच्या धनगरवस्तीवर दोन दिवस राहून आलो. पर्यटन हा या प्रवासाचा हेतू नव्हता, हे आरंभीच नमूद करतो. मी एका घोंगडीविरुद्ध गेलो होतो.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. त्याआधीच्या वर्षी साताऱ्यात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनात मी हिराबाई नावाच्या विणकर बाईकडून काळ्या लोकरीची एक घोंगडी विकत घेतली. लांबी सहा हात, रुंदी तीन हात. वर्षभराने तीच घोंगडी मोजली तेव्हा लांबी चार हात आणि काही बोटे भरली, रुंदी जेमतेम दीड हात. दिवाणी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला मनुष्य अशा वेळी जे करतो तेच मी केले. प्रदर्शनाच्या आयोजक समितीकडे पाच पानी तक्रार पाठवली आणि तिच्या प्रती नोटीस म्हणून हिराबाईंना आणि आणखी तीन ठिकाणी दिल्या.

मी पत्रे लिहितो. रस्ता, नळ, ध्वनिक्षेपक, मोकाट जनावरे, फलकांवरील अशुद्धलेखन यांपैकी एकाही विषयाला मी कधी सवलत दिलेली नाही. आजवर पोच मिळाली ती टपाल खात्याचीच. या पत्राला मात्र समितीने अनपेक्षित तत्परता दाखवली. तक्रार निकाली निघेपर्यंत हिराबाईंना यंदाच्या प्रदर्शनात गाळा देऊ नये, असा निर्णय घेऊन त्यांनी मला तसे कळवले. प्रदर्शन पंधरा दिवसांवर होते. ते पत्र मी दोन दिवस खिशात बाळगले आणि भेटेल त्याला वाचून दाखवले.

न्यायाच्या दृष्टीने आणखी एक बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. मधल्या काळात ती घोंगडी एकदा धुतली गेली होती. कपडे धुण्याच्या यंत्रात. मीच ती त्यात घातली होती. अर्जात मी हे लिहिले नाही, कारण अर्जाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे होते. त्या म्हणाल्या, "यंत्रालाही प्रतिवादी करा. ते तरी खरं बोलेल."

मग हिराबाईंचे उत्तर आले. एक पोस्टकार्ड, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात. "घोंगडी घेऊन या. बिरोबाच्या दारात बसून बघू. येताना कानाला बांधायला आणा, वारं लय हाय." नोटिशीचे इतके सौजन्यपूर्ण उत्तर मी सेवाकाळात पाहिले नव्हते. त्यामुळे संशय अधिकच बळावला. मी घोंगडी पिशवीत भरली, पोलादी टेप घेतला, पेढ्यांचा एक पुडा घेतला, कारण भांडायला जातानाही साताऱ्याचा माणूस मोकळ्या हाताने जात नाही, आणि निघालो.

सातारा ते तांबडमाळ

पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा रस्ता. बसमधील माझ्या बाजूची खिडकी उघडत नव्हती आणि समोरची बंद होत नव्हती. दोन्हींसंबंधी एकाच पत्रात लिहावे की स्वतंत्र, या विचारात दहिवडी आली.

आम्हा सातारकरांना आपला जिल्हा हिरवा आहे असे वाटते, कारण आम्ही कायम पश्चिमेकडे तोंड करून बोलतो. पाटण, कोयना, तिकडचा पाऊस, तिकडची झाडी. पूर्वेकडे निघालो की पंधरा-वीस मैलांत डोंगर आपली वस्त्रे उतरवून ठेवतात. माण खोऱ्यात माती पांढुरकी होते. म्हसवडच्या पुढे नजर अडवायला बाभळीखेरीज काही नाही. टेकड्यांच्या कडेने पवनचक्क्या सावकाश हात फिरवत होत्या. मध्येच कालव्याचे पाणी पोहोचलेला डाळिंबाचा एखादा मळा दिसे. सबंध वर्गात एकट्यानेच गृहपाठ केलेल्या मुलासारखा तो संकोचून उभा असे.

आटपाडीहून पुढे बस नव्हती. रशीदभाई नावाचे एक गृहस्थ आपल्या टेंपोतून लोकरीची पोती घेऊन तांबडमाळलाच निघाले होते. घराण्याने पिंजारी. पूर्वी त्यांचे वडील खांद्यावर धनुकली घेऊन वस्त्यावस्त्यांवर लोकर पिंजत, आता यांनी घरीच पिंजणयंत्र बसवले आहे. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले.

"काका, पिशवीत काय हाय, कोकरू?"

"घोंगडी आहे. पुरावा आहे."

त्यांनी एक हात सुकाणूवर ठेवून दुसरा पिशवीत घातला, दोन बोटांत घोंगडीचे टोक चोळले आणि म्हणाले, "हं."

"हं म्हणजे काय?"

"काय न्हाई." ते पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "काका, तुमच्या घरात कपड्याची मशीन कंची हाय? वरनं उघडती का फुडनं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"न्हाई, आमच्या घरात घ्यायची म्हनत्यात. म्हटलं अनुभवी माणसाला इचारावं."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला दगड दिसला, 'तांबडमाळ ७'. पुष्कळ वेळ हादरे खाल्ल्यानंतर आणखी एक दगड आला. 'तांबडमाळ ७'. मी टेंपो थांबवायला लावला आणि उतरून दोन्ही आकडे वहीत टिपले. रशीदभाई म्हणाले, "लिवू नगासा काका. उगं एक दगड उपटून न्हेतील, आन् आमी सांगायचं कुठनं वळा म्हनून?" तरीही मी लिहिले आहे.

वस्ती

तांबडमाळ म्हणजे दगडी भिंतींची तीसेक घरे, एक विहीर, कडेला बिरोबाचे देऊळ आणि देवळापुढे फरसबंद ओटा. दसऱ्यानंतर धडधाकट पुरुष मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणाकडे चारणीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. मागे बायका, म्हातारे आणि नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या राहतात. हिराबाईंचे यजमानही तिकडेच होते. इथे बायकांनी लोकर कातायची आणि माग पुरुषांनी चालवायचा अशी रीत. परंतु त्यांचे सासरे थकले तेव्हा माग रिकामा पडू नये म्हणून या बाई त्यावर बसल्या. बाईचा हात सैल पडतो, घोंगडी आखूड भरते, असे तेव्हा दोघाचौघांनी म्हटले होते. माझ्या पाच पानांतील पहिलेच वाक्य 'घोंगडी आखूड भरते' हे होते, आणि ते नेमके त्या दोघाचौघांचेच बोलणे असल्याचे मला तिथे गेल्यावर कळले.

माग जमिनीत खड्डा करून बसवलेला. बाई कमरेपर्यंत खड्ड्यात, पाय आत, हात वर. मी प्रवेश केला तेव्हा त्या चिंचोक्याची खळ कुंच्याने ताण्याच्या उभ्या धाग्यांवर ओढत होत्या. वय चाळिशीचे, कपाळभर कुंकू. त्यांनी मान वर केली.

"आलासा? बसा. आदी पानी घ्या. कान न्हाई बांदलं व्हय? सांगितलं हुतं की."

मी त्यांना घोंगडी दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली, तळहाताने एकदा दाबली, मग नाकाशी नेली. धुण्याच्या पावडरीचा मोगऱ्याचा वास तिला अजून येत होता. याची मला त्या क्षणापर्यंत जाणीव नव्हती.

"हं," त्या म्हणाल्या, आणि नीट चौपदरी घडी घालून बाजूला ठेवली. "च्या घ्या."

मेंढीच्या दुधाचा चहा इतका दाट असतो की कपाने तो सोडायला वेळ लागतो. मी पीत असताना वस्तीतील बायका एकेक करून आल्या. लग्नघरात रुखवत पाहावे तशी प्रत्येकीने घोंगडी चाचपली, वास घेतला आणि "हं" म्हणून निघून गेली. प्रश्न कुणीच विचारला नाही. तिथला दंडक असा की बैठकीपूर्वी वादाच्या विषयावर पाहुण्याशी बोलायचे नाही. साताऱ्यात याच्या नेमके उलट असते. आमच्याकडे विषयावर बोलणे आधीच संपते, बैठक चहापुरती उरते.

स्वस्थ बसणे मला जमत नाही. मागावर एक घोंगडी अर्धीअधिक विणून झाली होती. बाईंच्या मापाची पद्धत तपासावी म्हणून मी पोलादी टेप काढला आणि तिच्या कडेला लावला. दाराशी टकळी फिरवणाऱ्या म्हातारीची टकळी तशीच लोंबकळत राहिली.

"आवं, काय केलंसा?" हिराबाई हळूच म्हणाल्या. "अर्ध्या कापडाला माप लावत न्हाईत. मेंढरू पोटुशी असताना कोकरू मोजतं का कुनी?"

"असा नियम कुठे लिहिलेला आहे?"

"लिवल्याला न्हाई म्हनून तर समद्यांच्या ध्यानात हाय," म्हातारी म्हणाली. हिराबाईंनी टेपावर आणि मागावर चिमूटभर भंडारा टाकला. "आता ही आखूड भरली तर तुमच्या नावावर बरं का, सायब. तसं पत्र द्या लिवून."

दिवस मावळताना जेवण झाले. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, कांदा आणि लसणाचा असा ठेचा की त्याच्या विरोधात अपील करण्याची सोय नव्हती. आमच्याकडे वाढणारा पाहुण्याच्या समोर उभा राहून "आणखी एक, माझी शपथ" असा छळ करतो. इथे यजमानीण ताटात भाकरी टाकते आणि तोंड फिरवून चुलीकडे बसते. कुणी किती खाल्ले हे कुणी पाहायचे नाही. मी चार खाल्ल्या. हा आकडा मी स्वेच्छेने जाहीर करीत आहे.

बिरोबाच्या दारात

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मायाप्पांनी बोलावले. मायाप्पा म्हणजे वस्तीतील सर्वांत वयस्क पंच. डोक्याला लाल मुंडासे, खांद्यावर घोंगडी, समोरचे दोन दात गेलेले, उरलेल्यांवर पूर्ण विश्वास. ओट्यावर सारी वस्ती जमली होती. रशीदभाईंनी पोती कालच उतरवली होती, तरीही ते गेले नव्हते.

मायाप्पांनी पद्धत समजावली. वादातील दोघांनी एकाच घोंगडीवर बसायचे, म्हणजे कुणी कुणापेक्षा उंच नाही. घोंगडीवर भंडारा पडला की तिच्यावर खोटे बोलायचे नाही. आपापले सांगायचे आणि शेवटी "माझं झालं" म्हणायचे. दोघांचेही खरोखर झाले असे दोघांनाही वाटेपर्यंत कुणी उठायचे नाही.

"आणि उलटतपासणी?" मी विचारले. "प्रश्न कोण विचारणार?"

"कुनीच न्हाई."

"प्रश्नाशिवाय सत्य कसे बाहेर येईल?"

"इचारलं की मानूस उत्तर देतो, सायब," मायाप्पा म्हणाले. "खरं देतोच असं न्हाई. तुमी कोर्टातलं, तुमाला काय सांगायचं?"

मग त्यांनी घोंगडी पसरली. ती माझीच होती. चार हात आणि काही बोटे. दोन प्रौढ माणसांनी बसण्यास ती अपुरी आहे, हे माझ्या तक्रारीतील विधान तिथे सर्वांसमक्ष सिद्ध झाले. माझा एक गुडघा फरशीवर होता आणि हिराबाई कोपऱ्यावर अंग चोरून बसल्या होत्या. मायाप्पांनी भंडारा उधळला. माझा पांढरा सदरा त्या दिवसापासून पिवळा आहे.

तक्रारदार म्हणून मी प्रथम बोललो. खरेदी, ठरलेले माप, प्रत्यक्ष माप, फरक, मानसिक त्रास. सर्व क्रमवार, एकही शब्द असत्य नाही. "माझे झाले," मी म्हणालो.

ओट्यावरून रशीदभाईंचे "हं" ऐकू आले.

हिराबाई बोलू लागल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, घोंगडीच्या काठावरून बोट फिरवत होत्या. "मी सा हात इणली. सायबांच्या म्होरं हातानं मोजून दिली. पर एक माझं चुकलं. गिऱ्हाइकाला सांगायचं असतंय, हिला गार पान्यात नुसती बुचकळायची, पिळायची न्हाई, साबन लावायचा न्हाई. त्या दिशी गर्दी लय हुती. सायबास्नी सांगायचं राहून गेलं. येवढी चूक माझी. माझं झालं."

चाळीस वर्षे मी न्यायालयात काढली. साक्षी ऐकल्या, प्रतिज्ञापत्रे तपासली, वकिलांच्या शब्दांच्या पखाली वाहिल्या. एखाद्या पक्षाने न विचारता, स्वतःच्या हिताविरुद्ध, स्वतःची चूक सांगितल्याचे मला एकही उदाहरण आठवत नाही. असा कबुलीजबाब हा सर्वांत वजनदार पुरावा असतो, हे मी नव्या कारकुनांना शिकवीत असे. इथे तो माझ्या गुडघ्याजवळ बसला होता, आणि तो देणाऱ्या बाईचा गाळा आणि मागावरची जागा माझ्या पाच पानांखाली दबली होती.

कुणी उठेना. मायाप्पांनी तंबाखू मळली. एक मेंढी ओट्यावर आली, घोंगडीचा वास घेऊन शिंकली आणि निघून गेली. फरशीवरचा माझा गुडघा बधिर होऊ लागला.

"माझ्या निवेदनात," मी शेवटी म्हणालो, "एक पुरवणी जोडायची आहे."

"जोडा की," मायाप्पा म्हणाले.

मी सारे सांगितले. यंत्र पुढून उघडणारे. कळ लोकरीची नव्हे, चादरीची दाबली. पाणी गरम. पावडर दोन झाकणे, मोगरा सुगंधी. शेवटी पिळण्याची फेरी पूर्ण वेगाने. यंत्राच्या माहितीपुस्तकात लोकरीविषयी असलेले पान मी वाचले नव्हते, कारण पुस्तक मी यंत्र बिघडल्यावर नोटीस देण्यासाठी जपून ठेवले आहे, वाचण्यासाठी नव्हे. आणि हे सर्व मला अर्ज लिहितानाही ठाऊक होते. "आता माझे झाले," मी म्हणालो.

मला वाटले होते की शांतता पसरेल. ओटा खदखदून हसला. टकळीवाल्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. रशीदभाई म्हणाले, "काका, मी टेंपोतच वळिकलं हुतं. पर तुमी मशीन कंची ते काय सांगंनासा."

मायाप्पा पुढे झुकले आणि त्यांनी घोंगडीचा काठ दोन्ही हातांनी ताणून पाहिला. "हिचं जेन झालं की वो, सायब." जेन म्हणजे लोकर न विणता, भिजवून, तुडवून घट्ट केलेला जाड थर, बसायला नि निजायला तो धनगरांच्या घरोघरी असतो. "आमाला एक जेन कराया दोन दिस पाय मारावं लागत्यात. कंबरंचा काटा ढिला हुतो. तुमी घटकंत केलासा. आन् वास बी लावलासा."

"शिक्षा सांगा," मी म्हणालो.

"आमी शिक्षा देत न्हाई. जिचं नुकसान झालं ती मागंल, तुमी द्यायचं."

मी ताबडतोब तक्रार मागे घेण्याचे पत्र लिहिले, आणि त्यात यंत्राचा उल्लेख करण्यासाठी स्वतंत्र परिच्छेद घातला. मायाप्पांनी ते मोठ्याने वाचायला लावले. ज्या दोघाचौघांनी बाईच्या हाताविषयी शंका घेतली होती, त्यांच्याकडे पाहून ते म्हणाले, "ऐकलं का रं? का परत वाचाय लावू?" परत वाचावे लागले नाही. रशीदभाईंनी लगेच पत्राचा फोटो काढून समितीच्या फोनवर पाठवला. मूळ प्रत मी नोंदणीकृत टपालानेच पाठवली, कारण फोटोला पोच मिळत नाही. त्याखेरीज नव्या घोंगडीची किंमत देऊ केली.

हिराबाईंनी मान हलवली. "पैसं नगो. तुमी परदर्शनात तीन दिस माझ्या शेजारी बसा. गिऱ्हाईक इचारतंय, मशीनीत चालतंय का. मी न्हाई म्हनते. त्यास्नी वाटतंय, खेड्यातल्या बाईला मशीन काय ठावं. तुमी सांगा."

मग ढोल निघाला. गजी नृत्य तरण्या पुरुषांचे, पण तरणे कोकणात. म्हणून सहा म्हातारे हातात रुमाल घेऊन गोलात उतरले आणि सातवा म्हणून मला ओढले. पाऊल दोनदा पुढे, एकदा मागे. मी दोनदा मागे गेलो आणि मायाप्पांच्या अंगठ्यावर उभा राहिलो. "गड्या," ते गोल न मोडता म्हणाले, "हितं तारीख न्हाई मिळत. फुडं चल."

परतीच्या वाटेवर ते दोन दगड पुन्हा आले. या खेपेस मी उतरलो नाही.

सातारा

प्रदर्शनात हिराबाईंना गाळा मिळाला, दारापासून तिसरा. मागच्या भिंतीवर आम्ही माझी घोंगडी टांगली होती. तिच्यावर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली, 'निशाणी क्रमांक एक'. खाली खुर्चीवर मी. कुणी विचारले, "मशीनमध्ये चालते का?" की हिराबाई नुसते बोट दाखवीत. "ह्यास्नी इचारा." मी उभा राहून कळ, तापमान आणि पिळण्याची फेरी यांसह संपूर्ण निवेदन करीत असे. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्यात काही सुधारणा केल्या. सौभाग्यवती दोनदा येऊन ऐकून गेल्या आणि दुसऱ्या खेपेस दोन शेजारणींना घेऊन आल्या. मी तांबडमाळला ज्या कापडाला टेप लावला होता ती घोंगडी सौभाग्यवतींनीच घेतली. ती सहा हात भरली, हे मी हाताने मोजून पाहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, एक गृहस्थ तरातरा आले. वयाने माझ्याएवढे, हातात कागदांची फाइल, काखेत प्लास्टिकची पिशवी. पलीकडच्या गाळ्यावरून गतवर्षी घेतलेली लोकरी शाल वर्षभरात वीतभर आक्रसली होती आणि तक्रार कुणाकडे द्यायची हे त्यांना कुणी सांगत नव्हते. त्यांनी शाल माझ्यापुढे आपटली. मी तिचे टोक दोन बोटांत चोळले. मग नाकाशी नेले. गुलाब होता.

"हं," मी म्हणालो.

"हं म्हणजे काय?"

"आपले यंत्र वरून उघडते की पुढून?"

"त्याचा इथे काय संबंध?" ते गृहस्थ कडाडले.

हिराबाईंनी तोंडाला पदर लावला. मी भिंतीवरची घोंगडी उतरवून खाली पसरली, तिच्या एका कोपऱ्यावर अंग चोरून बसलो आणि त्यांना शेजारी जागा करून दिली.